विधवेच्या नावाची बाटली

वर्ष संपत आले की आपल्या बेटावर लिची, फटाके आणि शॅम्पेन या तिन्हींची एकदमच चलती सुरू होते. लग्न असो, मुलाच्या परीक्षेचा निकाल असो, नव्या घरात पहिले पाऊल असो, कोणाच्या तरी घरी बूच उडाल्याचा आवाज येतोच. फ्रेंचांचे राज्य येथून 1810 साली गेले, पण त्यांची ही सवय मागे राहिली आणि हळूहळू आपल्याही घरांत शिरली. जे पितात ते पितात, जे पीत नाहीत ते लिंबाचे सरबत घेऊन शेजारी बसतात. आम्ही येथे कोणालाही पिण्याचा आग्रह करीत नाही. आम्हांला आज एका बाईची हकीकत सांगायची आहे.

निमित्त घरचेच घडले. गेल्या हिवाळ्यात आम्ही चार मित्रांनी ठरविले की प्रत्येकाने एकेक साल असलेली बाटली आणायची आणि एका संध्याकाळी सावकाश चाखायची. साधी शॅम्पेन ही अनेक वर्षांच्या वाइनींचे मिश्रण असते, म्हणून तिच्यावर साल नसते. एखाद्या वर्षी द्राक्षांचे पीक फार चांगले आले, तर त्याच एका वर्षाच्या द्राक्षांची वाइन निराळी करून ठेवतात आणि लेबलावर ते साल छापतात. तिला फ्रेंचमध्ये मिलेझीम म्हणतात. साधी शॅम्पेन बाटलीत भरल्यावर निदान 15 महिने ठेवावी लागते. साल असलेली निदान 3 वर्षे. आमच्या टेबलावर 2012, 2008 आणि 2002 या सालांच्या बाटल्या जमल्या. चौथा मित्र बाटली विसरला आणि समोसे घेऊन आला. त्याचे स्वागत अधिक झाले.

आमच्या थोरल्या काकी त्या दिवशी घरी होत्या. काका जाऊन त्यांना 31 वर्षे झाली. घरात काही शुभ असले, की काकी स्वयंपाकघर सोडीत नाहीत. त्यांना तसे करायला कोणी सांगितलेले नाही, आणि तसे करू नका असेही आम्ही कधी सांगितले नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. आमच्या पुतण्याने 2008 ची बाटली हातात घेऊन लेबल मोठ्याने वाचले: व्हव क्लिको पोंसार्दां. फ्रेंचमधील व्हव म्हणजे आपल्या क्रिओलमधील व्हेव. काकींना शाळा फारशी लाभली नाही, पण हा शब्द त्यांना चांगला ठाऊक होता. त्या दारात आल्या आणि विचारू लागल्या की लोक लग्नात फोडतात त्या बाटलीवर विधवेचे नाव कसे, आणि ती विधवा कोण. टेबलाभोवती सात-आठ शिकलेली माणसे होती. एकालाही धड उत्तर देता आले नाही.

ते उत्तर आता देतो.

बार्ब-निकोल पोंसार्दां यांचा जन्म 16 डिसेंबर 1777 रोजी फ्रान्समधील रॅंस या गावी झाला. रॅंस हे शॅम्पेन प्रांतातले मोठे शहर. फ्रान्सच्या राजांचा राज्याभिषेक तेथील कॅथीड्रलमध्ये होत असे. वडील कापडाचे बडे कारखानदार होते. मुलगी बारा वर्षांची होण्याच्या आत, 1789 साली, राज्यक्रांती झाली. श्रीमंत घरांवर दिवस वाईट आले. वडील मोठे धोरणी. त्यांनी वारा ओळखला आणि क्रांतीचा पक्ष धरला. पुढे नेपोलियन आला तेव्हा ते त्याचे झाले, रॅंसचे महापौर झाले आणि सरदारकीही मिळवून बसले. वाऱ्याची दिशा ओळखण्याचा हा गुण मुलीतही उतरला, पण तिने तो निराळ्या कामी लावला.

1798 साली, विसाव्या वर्षी, त्यांचे लग्न फ्रांस्वा क्लिको या तरुणाशी झाले. क्लिको हेही कापडाचे व्यापारी. जोडीला थोडी पेढी आणि थोडा वाइनचा धंदा. सासऱ्यांनी हा वाइनचा धंदा 1772 साली सुरू केला होता, पण त्यांचा जीव कापडात. फ्रांस्वाला मात्र वाइनचे वेड. तो नमुने घेऊन दूरदूर फिरे. एका प्रवासात त्याला लुई बोन नावाचा जर्मन विक्रेता भेटला आणि तो पेढीत आला. या माणसाचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. 1799 साली क्लेमांतीन ही मुलगी झाली. ते एकच अपत्य.

ऑक्टोबर 1805 मध्ये फ्रांस्वा तापाने आजारी पडला आणि थोड्याच दिवसांत वारला. बाई त्या वेळी सत्तावीस वर्षांच्या होत्या, मुलगी सहा वर्षांची. एकुलता एक मुलगा गेलेला, धंदा डबघाईला आलेला. सासऱ्यांनी वाइनचा व्यापार बंद करण्याचे ठरविले.

येथे कायद्याचा थोडा विचार करावा लागतो. नेपोलियनची दिवाणी संहिता 1804 साली अमलात आली. तिच्याप्रमाणे लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीवाचून करार करता येत नसे. नवरा वारला की मात्र तीच बाई स्वतःच्या सहीने करार करू शके, कर्ज घेऊ शके, धंदा चालवू शके. बायकोला जे नाही ते विधवेला होते. हीच संहिता आपल्या बेटावरही आली, इंग्रज आले तरी राहिली, आणि आपल्या दिवाणी कायद्याचा पाया आजही तोच आहे. स्त्रियांवरची ती बंधने तेवढी पुढे गेली. बार्ब-निकोलबाईंपुढे दोन वाटा होत्या. पुन्हा लग्न करून सुखाने राहणे ही एक; विधवा राहून आपली सही आपल्या हातात ठेवणे ही दुसरी. त्यांनी दुसरी धरली आणि शेवटपर्यंत सोडली नाही.

त्या सासऱ्यांकडे गेल्या आणि आपल्या हिश्शाच्या बळावर धंदा चालविण्याची परवानगी व भांडवल मागितले. सासऱ्यांनी ते दिले. ज्या काळात मुलगा गेल्यावर सुनेला माहेरी पाठवावे की ठेवावे एवढाच प्रश्न कुटुंबात असे, त्या काळात या वृद्ध गृहस्थाने पैसा सुनेच्या हातात दिला. त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. अट एकच पडली की अनुभवी भागीदार बरोबर असावा. अलेक्झांद्र फुर्नो हे भागीदार झाले आणि बाईंची चार वर्षांची उमेदवारी सुरू झाली.

ती चार वर्षे वाईट गेली. युरोपभर लढाया, समुद्रावर इंग्रजांची नाकेबंदी. अ‍ॅम्स्टरडॅमला पाठविलेला मोठा माल बंदरात अडकून खराब झाला. बोन रशियापर्यंत जाऊन आला, पण विक्री थोडी आणि धोका फार. 1810 साली भागीदारीची मुदत संपली तेव्हा फुर्नो आपला मार्ग धरून गेले. बाई एकट्या राहिल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी पेढीला नवे नाव दिले: व्हव क्लिको पोंसार्दां. क्लिको हे सासरचे, पोंसार्दां हे माहेरचे, आणि दोन्हींच्या आधी विधवा हा शब्द. त्या भागात विधवांनी धंदा चालविण्याची आणि तो शब्द पेढीच्या नावात घालण्याची रीत होती. लपविण्यासारखे त्यात काही नव्हते. उलट सही करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे त्या शब्दाने गिऱ्हाइकाला कळत असे.

एकाच वर्षाच्या द्राक्षांची म्हणून नोंद सापडते ती शॅम्पेनमधली पहिली वाइनही याच पेढीची आणि याच 1810 सालची. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपले बेट फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेले. आज आपण बाटली फिरवून साल वाचतो, त्या रिवाजाची सुरुवात शोधू गेल्यास बाईंच्या तळघरापर्यंत जावे लागते.

पुढच्या साली, 1811 मध्ये, आकाशात मोठा धूमकेतू आला आणि कित्येक महिने नुसत्या डोळ्यांनी दिसत राहिला. त्या वर्षी द्राक्षे अप्रतिम आली. लोकांनी धूमकेतूला श्रेय दिले. बाईंनी धूमकेतूची खूण बुचावर उमटविली आणि वाइन तळघरात ठेवून दिली, कारण विकायला बाजारच नव्हता. रशियाने फ्रेंच मालाला दार बंद केले होते. 1814 च्या आरंभी लढाई रॅंसच्या दारात आली. शहर कधी रशियनांच्या तर कधी फ्रेंचांच्या हाती जाऊ लागले. रशियन अधिकाऱ्यांनी तेथल्या तळघरांतली वाइन चाखली. दुसरा एखादा कपाळाला हात लावून बसला असता. बाईंनी त्यात पुढचे गिऱ्हाईक पाहिले.

एप्रिल 1814 मध्ये नेपोलियनने राज्य सोडले. शांतता होणार हे दिसत होते, पण रशियाची बंदी अजून उठली नव्हती. बंदी उठेपर्यंत थांबावे, तर सगळेच व्यापारी एकदम धावणार. बाईंनी गुपचूप एक डच जहाज भाड्याने घेतले. त्याचे नाव झेस गेब्रुडर्स, म्हणजे सहा भाऊ. रूआं बंदरातून 10,550 बाटल्या घेऊन ते निघाले. बरोबर लुई बोन. आत 1811 ची धूमकेतूची वाइन होती. जहाज पकडले गेले असते, किंवा उन्हाने बाटल्या फुटल्या असत्या, तर पेढीचे दिवाळे निघाले असते. हा सट्टा नव्हे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु सट्टा खेळणारा नशिबावर विसंबतो. बाईंनी मात्र जहाज, माणूस, माल आणि वेळ यांतले काहीच नशिबावर सोडले नव्हते.

जहाज बाल्टिक समुद्रातल्या कोनिग्सबर्ग बंदराला लागले. आज त्या शहराचे नाव कालिनिनग्राद. माल चांगला पोहोचला होता. बंदी उठल्याची बातमी आली आणि बोनच्या दारी गिऱ्हाइकांची रांग लागली. दर त्याने सांगावा आणि त्यांनी द्यावा. इतर व्यापारी जागे होण्यापूर्वी बाईंनी दुसरे जहाज 12,780 बाटल्यांसह रशियाकडे रवाना केले होते. पीटर्सबर्गच्या बड्या घरांत त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले, इतके की कवी पुश्किनच्या काव्यातही या विधवेचा उल्लेख येतो. बाई स्वतः रशियाला कधी गेल्या नाहीत. त्या रॅंसमध्ये बसून पहाटेपासून पत्रे लिहीत.

आता अडचण उलटी झाली. मागणी आली, पण माल वेळेवर तयार होईना. शॅम्पेन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते. त्यानेच फेस येतो. पण आंबवणाऱ्या किण्वाचा गाळही बाटलीतच राहतो आणि वाइन गढूळ दिसते. गाळ काढावा तर फेस जातो, ठेवावा तर गिऱ्हाईक जाते. बाटल्या एकातून दुसरीत ओतण्यात वेळ आणि माल दोन्ही वाया जात. 1816 च्या सुमारास बाईंनी आपल्या तळघरात एक टेबल घेऊन त्याला भोके पाडविली आणि बाटल्या त्यांत मानेवर उभ्या केल्या. ते टेबल त्यांच्या स्वयंपाकघरातले होते असे सांगतात. रोज प्रत्येक बाटली थोडी हलवून फिरवायची. काही आठवड्यांत सगळा गाळ सरकत सरकत बुचावर येऊन बसतो. मग बूच झटक्यात काढले की गाळ बाहेर उडतो आणि वाइन निर्मळ राहते. आंत्वान म्युलर या त्यांच्या तळघरप्रमुखाने भोके तिरपी पाडून ही युक्ती आणखी सुधारली. आज बहुतेक ठिकाणी हे काम यंत्रे करतात, पण तत्त्व तेच आहे. 1818 साली बाईंनी बूझी गावची लाल वाइन पांढरीत मिसळून गुलाबी शॅम्पेन केली. तीही रीत पुढे सर्वांनी उचलली.

गाळ काढल्यावर बाटलीत जी जागा होते, तीत साखरेचा पाक घालतात. आपण साखरेच्या बेटावरचे लोक. हे आपल्याला चटकन कळावे. त्या काळी शॅम्पेन फार गोड असे. रशियन गिऱ्हाइकाला तर एका लिटरला 300 ग्रॅमपर्यंत साखर चाले. आज बहुतेक बाटल्यांवर ब्रूट हा शब्द असतो. त्यात लिटरमागे 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर असते. आपले आजोबा ज्या चहाला साखर पडलीच नाही म्हणतील, तसा प्रकार.

बाईंचे सगळेच बरोबर ठरले असे नाही. 1821 साली लुई बोन वारला आणि त्यांचा मोठा आधार गेला. पुढच्या वर्षी त्यांनी पेढीला जोडून बॅंक काढली. ती त्यांना झेपली नाही. 1820 च्या दशकाच्या शेवटी पॅरिसची एक पेढी बुडाली आणि तिच्याबरोबर बाईही बुडण्याची वेळ आली. एदुआर व्हेर्ले हा जर्मनीहून आलेला तरुण कारकून तेव्हा धावला. त्याने आपली स्वतःची पुंजी गहाण टाकून पैसे उभे केले. बाईंनी धडा घेतला, बॅंकेतून अंग काढले आणि 1831 साली व्हेर्लेला भागीदार केले. जावई काउंट द शव्हिन्ये हौशी आणि उधळ्या. त्याचे लाड त्यांनी पुष्कळ केले, पण पेढीची किल्ली त्याच्या हाती दिली नाही. 1841 साली त्या धंद्यातून निवृत्त झाल्या तेव्हा कारभार व्हेर्लेच्या हाती गेला, घरातल्या कोणाच्या नव्हे.

एक गोष्ट आम्हांला खटकते, ती लपवीत नाही. स्वतः एवढे मिळविलेल्या या बाईंनी मुलीला धंद्यात कधी आणले नाही. तिला उत्तम घरी द्यायचे, एवढाच विचार केला. तळघरातल्या माणसांचे जिणेही सुखाचे नव्हते. बाटल्या फुटून डोळे जात, म्हणून पुढे तारेचे मुखवटे घालून काम करावे लागे. थोर माणसाचे चरित्र सांगताना त्याच्या घरची अंधारी खोली पाहूच नये, असे आम्हांला वाटत नाही.

शेवटची वर्षे त्यांनी बूर्सो येथे स्वतः बांधविलेल्या वाड्यात काढली. 29 जुलै 1866 रोजी, 88 व्या वर्षी, त्या वारल्या. नवऱ्यामागे त्या जवळजवळ 61 वर्षे जगल्या. त्यांची पणती डचेस द्युझेस हिने 1898 साली मोटार चालविण्याचा परवाना मिळविला. फ्रान्समध्ये तो मिळविणारी ती पहिली स्त्री. मुलीला जे दिले नाही, ते पणतीने आपण होऊन घेतले असे म्हणता येईल. बाटलीचे सुप्रसिद्ध पिवळे लेबल बाईंच्या मागून, 1877 साली नोंदले गेले. पेढी आज लुई व्हितों मोएत हेनेसी या मोठ्या कंपनीकडे आहे.

2010 साली फिनलंडच्या ओलांद बेटांजवळ, समुद्राच्या तळाशी, एका बुडालेल्या जहाजात 168 बाटल्या सापडल्या. त्यांतल्या 47 बाईंच्या पेढीच्या निघाल्या. बुचावरच्या खुणेने त्या ओळखू आल्या. सुमारे 170 वर्षे त्या अंधारात आणि थंडीत पडून होत्या. चाखणाऱ्यांना आधी ओल्या केसांसारखा वास आला. पेला थोडा हलविल्यावर धूर, मसाले आणि कातडे यांची आठवण देणारे वास वर आले. पुढच्या वर्षी त्यांतली बाईंची एक बाटली 30,000 युरोला विकली गेली.

आपल्याला समुद्राच्या तळाशी जायचे कारण नाही. घरी चाखायची तर साधी रीत पुरे. बाटली बर्फगार करू नये. साल असलेली शॅम्पेन 10 ते 12 अंशांवर खुलते. बूच उडवू नये. ते घट्ट धरून बाटली फिरवावी, म्हणजे नुसता उसासा येतो. अरुंद लांब पेल्यापेक्षा पोटाशी थोडा रुंद पेला बरा. नवे साल आधी, जुने नंतर. घोट लहान, गप्पा मोठ्या. नव्यात सफरचंद आणि लिंबू. जुन्यात भाजलेला पाव, बदाम, मध. आमच्या 2002 च्या बाटलीतला फेस निम्मा बसलेला होता. ती तीन उन्हाळे गरम कपाटात उभी राहिली होती. कपाट आमचेच, तेव्हा दोष कोणाला द्यायचा?

हे सारे वाचून झाल्यावर, पुढच्या रविवारी, आम्ही ते काकींना सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग त्यांनी एकच गोष्ट विचारली: काका गेल्यावर उसाच्या जमिनीचे हप्ते, चार मुलांच्या फिया आणि घराचे छप्पर हे सर्व त्यांनी कोणाच्या सहीने केले होते, हे आम्हांला माहीत आहे का. आम्हांला माहीत होते. आम्ही ते कधी मोठ्याने बोललो नव्हतो, एवढेच.

या 31 डिसेंबरला आमच्या घरी एक बाटली उघडली जाईल. बूच काकी काढणार आहेत. त्या पिणार नाहीत, त्यांना सरबतच आवडते. पण त्या टेबलाशी बसणार आहेत, आणि मधल्या खुर्चीवर.